फक्कीने काढलेल्या अटी

काकाजी फक्कीच्या रेषेवर कधी पाय देत नसत. शाळेच्या मैदानावर खेळांच्या स्पर्धा असल्या की सगळं गाव धावपट्ट्या तुडवत आडवं जायचं आणि हा एकटा माणूस, सायकल हातात धरून, अख्ख्या मैदानाला वळसा घालून पलीकडे पोचायचा. पोरं हसायची. मीही हसलेली आहे. "काकाजी, पुसली तर पुसली, उद्या पुन्हा आखतील," असं मी एकदा म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कोणाच्या ताटात पाय ठेवायला सांगितला होता. "आखनाऱ्याले विचारलं काय तू?" एवढंच म्हणाले आणि सायकल ढकलत गेले.

त्याला कारण होतं. आमच्या वणीच्या बाजूच्या कोळसा खाणीत त्यांनी सगळी नोकरी सर्व्हे सेक्शनला काढली. कुठवर खोदायचं, सुरुंग उडवायच्या वेळी माणसांनी कुठल्या रेषेमागे थांबायचं, ते फक्कीने आखून द्यायचं हे त्यांचं काम. तिथे रेषा ओलांडणं म्हणजे जिवाशी खेळ. निवृत्त झाले तरी तो धाक अंगातून गेला नाही, आणि डबाही सुटला नाही. सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधलेला वनस्पती तुपाचा पत्र्याचा डबा, बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं, त्यावर टायरच्या रबराने आवळलेला प्लास्टिकचा तुकडा आणि वर घट्ट झाकण. आत चुन्याची पांढरी फक्की. मी त्याच खाणीच्या काटाघरात ट्रकांचं वजन करते, त्यामुळे सायकल फाटकासमोरून गेली की पांढरा डबा आधी दिसायचा आणि काकाजी नंतर.

गावात कोणी घर किंवा प्लॉट घ्यायला निघालं की काकाजींना बोलावणं जाई. नाही गेलं तर ते स्वतः जात, आणि हे जास्त वेळा व्हायचं. खरेदीखत हातात घेत, पण बसून वाचत नसत. "कागद बसून वाचला की झोप येते. कागद चालवून पाहा लागते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चपला काढायच्या, जागेच्या ईशान्येच्या कोपऱ्यात उभं राहायचं आणि खतातली एकेक अट मोठ्याने वाचायची. अट वाचून झाली की ती जमिनीवर फक्कीने काढायची. समोरून दहा फूट मोकळं सोडायचं असं लिहिलं असेल तर दहा फुटांवर दोरी लावून रेघ. मग विचारायचं, "या अटीनं कोनाचं भलं होते?" ज्याचं भलं होत असेल त्याला घरातून बोलावून रेषेपलीकडे उभं करायचं. तो माणूस अंघोळ करत असला तर सगळे थांबत. चारी बाजू होईस्तोवर काकाजी चहाला हात लावत नसत, आणि मग गार झालेला चहा एका घोटात संपवून म्हणत, "आता बोला."

एका मास्तरांनी नाल्याकाठचा प्लॉट ठरवला होता. कागद लॅमिनेट करून आणला होता, इतका आनंद. काकाजींनी नाल्याकडून सोडायची जागा काढली, वरून जाणाऱ्या विजेच्या तारांखालची जागा काढली, रस्त्याकडची काढली, मागच्या शेतकऱ्याच्या बैलगाडीची वाट काढली. मधे उरला एक पट्टा. काकाजी कोणाच्या तरी अंगणातली खाट उचलून घेऊन आले आणि त्या पट्ट्यात टाकली. बरोबर बसली. "यात खाट बसते, मास्तर. तिच्यावर घर बांधता येत असन तं घ्या." मास्तर खरंच त्या खाटेवर जाऊन बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

काही अटी अशा असतात की त्या जमिनीवर काढता येतील असं आपल्याला वाटत नाही. काकाजींना वाटायचं. दुसरा मजला चढवायचा नाही अशी अट एका खतात निघाली, तेव्हा त्यांनी बांबू उभा करून चार वाजेपर्यंत वाट पाहिली आणि दुसरा मजला झालाच तर त्याची सावली शेजारणीच्या वाळवणावर कुठवर पडेल ते आखलं. गिरणी किंवा इंजिन चालवायचं नाही अशी अट आली, तेव्हा तर बाजारातल्या चालत्या गिरणीच्या आजूबाजूला दिवसभर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला घेऊन फिरले. पेला ओट्यावर ठेवायचा, पाणी थरथरतं का पाहायचं, दोन पावलं मागे जायचं, पुन्हा ठेवायचा. जिथे पाणी गप्प झालं तिथवरचं अंतर मोजून आणलं आणि प्लॉटवर तेवढा गोल काढला. गोलात तीन घरं आली. घेणारा म्हणाला, "समजलं काकाजी," आणि खरंच समजलं होतं. आमच्या काटाघरात लोक त्यांना अर्धवट म्हणायचे. मी काही बोलत नसे. माझाही त्यात थोडा वाटा होता, आणि त्याची मला आज लाज वाटते.

स्वतःच्या घरामागे त्यांनी तीन फुटांची बोळ सोडलेली होती. त्यांच्या खरेदीखतात अट होती, की मागच्या घरच्यांना विहिरीवर जायला वाट द्यावी. विहीर केव्हाच बुजली, तिच्यावर आता पाण्याची टाकी आहे. ज्याला वाट दिली तो म्हातारा गेला, त्याची मुलं नागपूरला. तरी बोळ मोकळी, झाडून स्वच्छ. काकू मला सांगायच्या, "या मानसानं मले तिथं मोगऱ्याची कुंडी ठेवू नाई देल्ली." काकाजी आतून ओरडत, "तो कागद रद्द करून आन त्याच्या पोराकडून, मंग मोगऱ्याचा बगीचा लाव." एकदा मी विचारलं की हे तुम्ही शिकलात कुठे. ते दिग्रसकडच्या एका बंजारा तांड्यातले. म्हणाले, "आमच्या तांड्यात कागद नव्हता. नायकानं सांगतलं, इथून तुहं, इथून त्याचं, अन मधून ढोरायची वाट. कोनी त्या वाटेवर खुटा नाई गाडला. शब्दाले इतकं मानत होते, मंग इथं तं सही हाय."

आता माझ्या घराची गोष्ट सांगते, कारण काकाजी म्हटलं की मला तोच दिवस आठवतो.

बाबा त्याच खाणीत डंपर चालवायचे. निवृत्ती जवळ आली आणि खाणीचं क्वार्टर सोडायची वेळ आली. जन्मभर क्वार्टरमध्ये राहिलेल्या माणसाला स्वतःचं घर म्हणजे काय ते मला सांगता यायचं नाही, पण बाबांच्या बोलण्यात ते रोज यायचं. दारासमोर कडुनिंब लावायचा आणि तो आपला म्हणायचा, एवढीच त्यांची मागणी. आईने तर पडद्याचं कापडही घेऊन ठेवलं होतं. शहरातल्या जुन्या लेआउटमध्ये एक बैठं घर विकायला निघालं. मालकीण निवृत्त मुख्याध्यापिका, मुलाकडे पुण्याला निघालेल्या. आम्ही त्यांना बाईच म्हणतो. घर छान, बाई चांगल्या, सौदा ठरला. मी आखीव पत्रिका, म्हणजे जागेचा सरकारी उतारा काढला, बाईंचं खरेदीखत वाचलं, घरावर कर्जाचा बोजा नाही ते तपासलं आणि छाती फुगवून काकाजींना कागद दाखवायला गेले.

त्यांनी शेवटचं पान उलटून एका ओळीवर बोट ठेवलं. 'मूळ खरेदीखतातील सर्व अटी व शर्ती बंधनकारक राहतील.'

"मूळ कुठं हाय?"

"ते कशाला? बाईंचं आहे ना."

"तू काट्यावर काम करतं ना? भरला ट्रक मोजते, तं आंधी रिकामा मोजते का नाई?"

रिकामा ट्रक न मोजता कोळशाचं वजन सांगणाऱ्याला आम्ही काटाघरातून हाकलतो, आणि मी घराच्या बाबतीत तेच करून आले होते. दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून मूळ खताची नक्कल काढली. एका जमीनदाराने शेत पाडून प्लॉट केले तेव्हाचं, मोडी वळणाच्या अक्षरातलं, शाई फिकी झालेलं. चार अटी होत्या. समोर दहा फूट मोकळं सोडावं. मागच्या बाजूने दीड फूट नाली वाहती ठेवावी. गिरणी, भट्टी, इंजिन चालवू नये. आणि चौथी: सदर मिळकत स्वसमाजाबाहेरील व्यक्तीस विकता, गहाण देता वा वापरास देता येणार नाही.

आम्ही बौद्ध. आजोबांनी धम्म स्वीकारला, तेव्हापासून घरात दोनच गोष्टींचा हट्ट, शिक्षण आणि ताठ मान. ती ओळ मी तीनदा वाचली. बाबांना दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला नाही.

"राहू दे पोरी," म्हणाले. "आपल्याले घर पाह्यजे, झगडा नाई. कायद्यानं घर भेटन, पन शेजार कायद्यानं भेटते काय? मले म्हातारपनी रोज कोनाचं वाकडं तोंड पाह्याचं नाई."

मी चिडले. बाबांवर चिडले, कारण ते खरं बोलत होते. बाईंना सांगितलं तर त्या बिचाऱ्या खुर्चीत बसूनच राहिल्या. "मी हे वाचलंच नाही गं कधी. सही केली आणि ठेवून दिलं." त्यात लेआउटच्या मंडळाचे अध्यक्ष आमच्या घरी येऊन गेले. मंडळ म्हणजे नोंदणी वगैरे काही नाही, वर्गणी काढून दिवे लावणारे चार लोक. अध्यक्ष गोड बोलले. "आमचं काई नाई बरं. तुमी चांगले मानसं. पन कागदात लिहून हाय, आमी काय करावं?" हे वाक्य ऐकून बाबांनी मान डोलावली, आणि ती डोलावलेली मान मला सहन झाली नाही. मी सरळ काकाजींकडे गेले.

काकाजींनी नक्कल वाचली. रागावले नाहीत, काही नाही. म्हणाले, "रविवारी सकाळी समद्यायले बलाव. बापाले आन. अध्यक्षाले मी सांगतो."

"बाबा यायचे नाहीत."

"मी घेऊन येतो ना त्याईले. डबा धराले मानूस लागते."

आणि रविवारी बाबा खरंच त्यांच्या सायकलमागून चालत आले. जन्मभर डंपर चालवलेला माणूस, दोन्ही हातांत तो पत्र्याचा डबा धरून. अध्यक्ष पांढऱ्या लेंग्यात, मालकीणबाई पायरीवर, आजूबाजूच्या कुंपणांवरून चार-पाच माणसं डोकावत. काकाजींनी चपला काढल्या, कोपरा धरला आणि खड्या आवाजात पहिली अट वाचली.

दहा फुटांवर दोरी लागली. बाबांनी डब्याखालचं प्लास्टिक काढून हलवत हलवत रेघ ओढली. काकाजी दोरी गुंडाळतील असं वाटलं, पण ते दोरी तशीच सरळ पुढे नेत राहिले. "अट तं समद्या रांगेले हाय ना," म्हणाले. दोरी शेजारच्या कुंपणातून गेली, त्याच्या पुढच्यातून गेली आणि पाचव्या घरी अध्यक्षांच्या नव्या ओट्याच्या मधोमध जाऊन अडली. ओटा चांगला सहा फूट पुढे आलेला होता, वर टाइल्स, त्यावर झोपाळा. काकाजींनी झोपाळ्याखाली वाकून पाहिलं. "भाऊसाहेब, कागदात लिहून हाय, नाई?" कुंपणावरचं कोणीतरी हसलं. अध्यक्षांनी रुमाल काढला. काकाजी तिथे थांबले नाहीत, चिमटाही पुन्हा काढला नाही. त्यांना चिमट्यात रस नव्हता, त्यांना पुढची अट वाचायची होती.

दुसरी अट नालीची. घराच्या मागे गेलो. "हिनं कोनाचं भलं होते?" मागच्या घरातून एक बाई हात पुसत आल्या, पन्नाशीच्या, कपाळाला पीठ लागलेलं. काकाजींनी त्यांना त्यांच्या बाजूला उभं केलं. बाबांनी दीड फुटांवर रेघ ओढली. त्या बाई रेघेकडे पाहत राहिल्या आणि मग बाबांना म्हणाल्या, "भाऊ, नाली मोकळी ठेवसान ना? पावसाळ्यात मायं सैपाकघर भरते."

बाबा म्हणाले, "ठेवीन ना, बाई. मी सवता साफ करीन."

"मंग झालं," त्या म्हणाल्या, आणि आमच्यामागून पुढच्या अंगणात आल्या. परत पिठाकडे गेल्या नाहीत.

मी बाबांकडे पाहिलं. काही झालं नव्हतं, एका बाईने एका माणसाला नालीबद्दल विचारलं होतं. पण शेजाऱ्याला विचारतात तसं विचारलं होतं. बाबांच्या हातातला डबा थोडा वर आला.

तिसरी, गिरणीची. गोल काढून झाला, शेजारची दोन्ही घरं त्यात आली, दोन्हीकडची माणसं पुढे येऊन उभी राहिली. बाबांनी त्यांनाही शब्द दिला.

मग काकाजींनी चौथी अट वाचली. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. नालीची अट वाचली तशीच ती वाचली. पायरीवर बाईंनी तोंडावर पदर घेतला.

काकाजींनी कागद खाली केला आणि जमिनीकडे पाहत अंगणभर फिरू लागले. या कोपऱ्यात गेले, त्या कोपऱ्यात गेले, विटांच्या ढिगामागे पाहिलं. खरंच शोधत होते. नाटक करता येणारा तो माणूस नव्हता. मग अध्यक्षांपुढे येऊन म्हणाले, "भाऊसाहेब, ही कुठं काढू?"

"म्हंजे?"

"दहा फूट काढले. नाली काढली. गिरनी काढली. ही अट जमिनीवर कुठं येते तेवढं दाखवा. आन हिनं कोनाचं भलं होते, त्याले रेघेच्या तिकडं उभं करा."

अध्यक्षांनी आजूबाजूला पाहिलं, कोणी पुढे येतं का. कोणी आलं नाही. नालीवाल्या बाई बाबांच्या बाजूला उभ्या होत्या, त्यांनीही अध्यक्षांकडे पाहिलं, आणि अध्यक्ष रुमालाने मान पुसत राहिले.

"मी इतके साल कागद चालवून पाह्यले," काकाजी म्हणाले. "जमिनीची अट असन तं जमिनीवर येतेच. सावली येते, थरथर येते. ही नाई येऊन राह्यली. मंग ही जमिनीची अट नव्हे. कोनाच्या तरी मनाची हाय, अन मन खरेदीखतात विकत भेटत नसते."

पुढे मी वकीलबाईंना विचारून घेतलं, कारण मी काटाघरातली आहे, दोनदा मोजल्याशिवाय पावती देत नाही. त्यांनी कायद्याच्या भाषेत तेच सांगितलं. शेजाऱ्यांच्या उपयोगाच्या अटी नव्या मालकालाही बांधतात, म्हणून त्या घेण्याआधी वाचायच्या. विकण्याचा हक्कच बांधून टाकणारी अशी अट उभी राहत नाही. नोंदणीकृत सोसायटी असती तर तिचे उपविधी वेगळे तपासावे लागले असते, इथे सोसायटी नव्हतीच. माझ्या खरेदीखतात पहिल्या तीन अटी जशाच्या तशा आहेत. समोर दहा फूट मोकळे आहेत, बाबांचा कडुनिंब रेघेच्या आत, घराच्या अंगाला लागून आहे. नाली बाबा दर शनिवारी स्वतः साफ करतात. अध्यक्षांनी ओटा तोडला नाही, पण आता ते येता-जाता बाबांशी कडुनिंबाबद्दल बोलतात, आणि बाबा त्यांना दातवण देतात.

काकाजी गेले त्याला दोन वर्षं झाली. काकूंनी बोळीत अजून मोगरा लावलेला नाही. डबा त्यांनी माझ्या घरी आणून दिला, आणि आता कोणी घर घ्यायला निघालं की लोक मला बोलावतात. मी चपला काढते आणि वाचते. अर्धवट म्हणणारे मलाही अर्धवट म्हणत असतील. म्हणू देत. त्या माणसाची सायकल आमच्या फाटकासमोरून जायची याचा मला अभिमान आहे, आणि तो मी कोणापुढेही सांगते.

त्या रविवारी मात्र, काकाजींचं मनाच्या अटीचं बोलणं झालं तेव्हा, अंगणात सगळे तसेच उभे होते. काकाजी बाबांकडे वळले. "भाऊ, डबा तुमच्या हाती हाय. तुमाले दिसते काय कुठं जागा? चौथी काढाची असन तं काढा."

बाबांनी अंगणभर नजर फिरवली. दहा फुटांची रेघ, नालीची रेघ, गिरणीचा गोल. मग त्यांनी डब्याच्या बुडाला प्लास्टिक लावलं, रबर आवळलं, वरचं झाकण तळहाताने दाबून बसवलं.

"नाई काकाजी," ते म्हणाले. "अटी संपल्या."

काकाजींनी मालकीणबाईंकडे पाहिलं आणि चहा मागितला.